स्कॉलरशिपचं सगळं सांगितलंत, ऑफ सीझनचं राहिलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पुरवणीत अमेरिकन कॉलेजात खेळाच्या स्कॉलरशिपवर कसं जायचं यावर मोठा लेख आला होता. टेनिस, स्विमिंग, स्क्वॉश, गोल्फ, व्हिडिओ कसा बनवायचा, कोचला ईमेल कधी टाकायचा, मार्क किती लागतात, सगळं नीट दिलं होतं. पुण्याहून बहिणीने मला त्याचे फोटो पाठवले कारण तिची मुलगी स्विमिंग करते आणि त्यांच्याकडे सध्या जेवताना पण हाच विषय असतो. लेख चांगलाच होता, फक्त त्यात एका ठिकाणी असं होतं की तिथलं ट्रेनिंग इतकं कडक असतं की सुट्टीतसुद्धा पोरांना सोडत नाहीत, म्हणून पोरं घडतात. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी मूळची सांगलीची, आता बरीच वर्षं मेरीलँडमध्ये आहे, मुलगी इथे एका कॉलेजच्या रोइंग टीममध्ये आहे. त्यामुळे हे 'सुट्टीतसुद्धा सोडत नाहीत' प्रकरण मी घरात बघितलंय आणि त्याबद्दल इथे काय काय झालंय तेही बऱ्यापैकी वाचलंय.

आपल्याला आईबापांना वाटतं की धोका मॅचमध्ये असतो. पडेल, लागेल, हाड मोडेल. इथलं कॉलेज फुटबॉल, म्हणजे ते हेल्मेट घालून एकमेकांवर धडकायचं, बघितलं की कोणालाही हेच वाटेल. पण २००० ते २०१६ या काळात इथल्या एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या मुख्य संस्थेच्या, कॉलेजांतले जे ३३ फुटबॉल खेळाडू खेळताना किंवा सराव करताना गेले त्यातले मार लागून गेलेले फक्त ६ होते. बाकीचे २७ जण पळताना, ड्रिल करताना, व्यायाम करताना गेले, कोणाला उष्माघात, कोणाचं हृदय, कोणाचा सिकल सेलचा (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक दोष) त्रास, कोणाला दमा. आणि यातला मोठा भाग ऑफ सीझनमधला, जेव्हा ना मॅच असते ना प्रेक्षक असतात. हे आकडे कुठल्या विरोधकाने काढलेले नाहीत, ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत फुटबॉल टीमची तब्येत सांभाळणाऱ्या माणसानेच लिहिलेत.

मेरीलँडचंच सांगते कारण ते आमच्या इथे घडलं आणि तेव्हा रोज बातम्यांत होतं. २९ मे २०१८, मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडनंतरचा मंगळवार. युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडची फुटबॉल टीम सुट्टीवरून परत आली होती आणि टीमचा पहिलाच वर्कआउट होता. ११० यार्डांचे, म्हणजे साधारण १०० मीटरचे, १० स्प्रिंट, मध्ये थोडीशी विश्रांती. जॉर्डन मॅकनेर नावाचा १९ वर्षांचा मुलगा, अंगाने प्रचंड, दीडशे किलोच्या आसपास वजन, शेवटच्या स्प्रिंटना पाय ओढत होता, दोन्ही बाजूंनी मुलांनी धरून त्याला पूर्ण करायला लावलं. उष्माघात झाला होता. त्रास दिसायला लागल्यापासून अ‍ॅम्ब्युलन्स कॅम्पसमधून बाहेर पडेपर्यंत दीड तासाहून जास्त वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात त्याला बर्फाच्या पाण्यात कोणी बसवलं नाही. हॉस्पिटलमध्ये ताप मोजला तर १०६ फॅरेनहाइट. लिव्हर ट्रान्सप्लांट केलं, तरी १३ जूनला तो गेला.

नंतर चौकशी बसली, युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटने कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी आमची असं जाहीर सांगितलं, स्ट्रेंग्थ कोच (ताकदीचा आणि दमाचा व्यायाम करून घेणारा) राजीनामा देऊन गेला. हेड कोचची गंमत म्हणजे (गंमत कसली) ३० ऑक्टोबरला बोर्डाने त्याला परत कामावर घ्यायचं ठरवलं आणि इतका गदारोळ झाला की दुसऱ्या दिवशी प्रेसिडेंटने त्याला काढला. २०२१ साली युनिव्हर्सिटीने त्या कुटुंबाला ३५ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं, आणि त्याच वर्षी मेरीलँडमध्ये मॅकनेरच्या नावाने कॉलेज खेळाडूंच्या सुरक्षेचा कायदा झाला. हे सगळं झालं ते ठीकच, पण त्या दिवशी ग्राउंडवर लागत काय होतं? एक टब, पाणी आणि बर्फ. बस्स.

हे मी भावनेच्या भरात नाही म्हणत. उष्माघातात शरीर आतून भाजत असतं आणि प्रत्येक मिनिट महत्त्वाचं असतं, म्हणून इथे आता नियमच असा सांगतात की आधी थंड करा, मग हॉस्पिटलला न्या. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ताप खाली आणला तर माणूस वाचतो. मॅसॅच्युसेट्समध्ये फाल्मथ नावाच्या गावी दर ऑगस्टमध्ये रस्त्यावरची शर्यत असते, तिथे मेडिकल तंबूत बर्फाच्या पाण्याचे टब तयारच ठेवतात, आणि १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ जणांना त्यात बसवलं, एकही मेला नाही. एकही नाही! आपल्याकडे हे करायला काय लागतं, एक प्लास्टिकची टाकी आणि कोपऱ्यावरच्या बर्फवाल्याला सकाळी सांगून ठेवायचं. आपल्याकडे पोरगं पडलं की तोंडावर पाणी मारतात, कांदा हुंगायला देतात, भोवती पन्नास माणसं गोळा होऊन वारा अडवतात, आणि मग रिक्षा शोधायला सुरुवात होते.

उष्माघात किमान डोळ्यांना दिसतो तरी. दुसरं जे आहे ते दोन दिवसांनी दिसतं आणि त्याचं नाव पण अवघड आहे, रॅब्डोमायोलिसिस, इथे सगळे नुसतं 'रॅब्डो' म्हणतात. सवय नसताना एकाच प्रकारचा व्यायाम प्रमाणाबाहेर केला की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातला माल रक्तात उतरतो आणि तो गाळता गाळता किडनी बसते. रक्तात सीके नावाची टेस्ट करतात, ती एरवी दोनशेच्या आसपास असते, यात हजारांत जाते, कधी कधी लाखात. मांड्या किंवा दंड सुजून दगडासारखे होतात, हात सरळ होत नाही, आणि लघवी कोकाकोलाच्या किंवा कडक काळ्या चहाच्या रंगाची होते. हा रंग दिसला की विचार करायचा नाही, तडक हॉस्पिटल. आणि अंग दुखतंय म्हणून कॉम्बिफ्लाम किंवा ब्रुफेन तर अजिबात घ्यायची नाही, किडनीला आणखी त्रास. आपल्याकडे पोरं नेमकं तेच करतात, शिवाय मित्र सांगतात की दुखतंय म्हणजे लागू पडलं.

आयोवा युनिव्हर्सिटीत जानेवारी २०११ मध्ये काय झालं ते प्रत्येक कोचला पाठ करायला लावलं पाहिजे. टीम हिवाळ्यातली साधारण तीन आठवड्यांची सुट्टी करून परत आली, आणि पहिल्याच दिवशी काय दिलं, तर आपल्या जास्तीत जास्त ताकदीच्या निम्मं वजन खांद्यावर घेऊन १०० स्क्वॉट, जमेल तितक्या लवकर, वेळ लावून. त्यानंतर पुन्हा वजन लादलेल्या घसरगाड्या (स्लेड) ढकलायच्या. चार-पाच दिवसांत १३ खेळाडू हॉस्पिटलात. पुढे चौकशीत निघालं की ड्रग्ज नाहीत, सप्लिमेंटचा दोष नाही, पोरांनी काही वेडंवाकडं केलेलं नाही, दोष त्या वर्कआउटचाच. आणि हाच वर्कआउट त्या टीमने आधीही केलेला होता! म्हणजे तीच टीम, तोच कोच, तोच व्यायाम. नशीब की सगळी बरी झाली.

यातून लोक शहाणे झाले असं वाटेल तर नाही. जानेवारी २०१७, ओरेगन युनिव्हर्सिटी, नवीन हेड कोच आला, त्याने नवीन स्ट्रेंग्थ कोच आणला, सुट्टीनंतरचे पहिले वर्कआउट, पुशअप आणि उठाबशा छाप प्रकार मिलिटरी स्टाईलने, तीन खेळाडू हॉस्पिटलात. स्ट्रेंग्थ कोचला एक महिना बिनपगारी घरी बसवलं. आणि अगदी अलीकडचं, सप्टेंबर २०२४, बोस्टनजवळचं टफ्ट्स. इथे तर फुटबॉलवाले राक्षस नव्हते, लॅक्रोसची (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) टीम, त्याच वर्षीची डिव्हिजन थ्रीची, म्हणजे एनसीएएच्या तिसऱ्या गटाची, चॅम्पियन. लॅक्रोसचा सीझन वसंतात असतो, म्हणजे सप्टेंबर हा पक्का ऑफ सीझन. नेव्ही सीलचं, म्हणजे अमेरिकन नौदलाच्या कमांडोंचं, ट्रेनिंग नुकतंच पूर्ण केलेला कॉलेजचाच एक माजी विद्यार्थी आला, त्याने जवळजवळ पाऊण तासाचा वर्कआउट घेतला, टीम बाँडिंग टाईप, आणि १२ जणांना रॅब्डो. चॅम्पियन पोरं ही, तंदुरुस्त. म्हणजे फिट आहे, त्याला काय होतंय, हे म्हणण्यात काही अर्थ नाही.

आता या सगळ्या केसेस शेजारी शेजारी ठेवा, जे दिसतं ते एकच आहे. सीझनच्या मध्यावर, शरीर सरावलेलं असताना, असं क्वचित होतं. होतं ते सुट्टीवरून आल्यावर पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्यात, नाहीतर कोणी नवीन माणूस येऊन नवीन काहीतरी करायला लावतो तेव्हा. कोचला वाटतं पोरं सुट्टीत लाडू खाऊन आलीत, चरबी काढली पाहिजे. नवीन कोचला दाखवायचं असतं की आता राज्य बदललं. तिथे व्यायाम उरतच नाही, शिक्षा होते किंवा निष्ठेची परीक्षा होते.

माझे आजोबा सांगलीला तालमीत जायचे, त्यांच्याबरोबर लहानपणी मी नुसती दारात बसायला गेलेय. तिथे हजार हजार बैठका मारणारे पैलवान होते, पण नवीन आलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी हजार मारायला लावत नसत, आणि जुना पैलवान गावी जाऊन आला किंवा तापातून उठला तर त्यालाही पुन्हा थोड्यापासूनच सुरू करायला लावायचे. मेहनत चढवत न्यायची असते हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. उगाच गौरव करत नाही, मेहनतीच्या वेळी पाणी प्यायचं नाही असलं वेडही त्याच तालमीत होतं, आणि ते पूर्ण चूक होतं. पण चढवत नेण्याच्या बाबतीत ती माणसं बरोबर होती आणि लाखो डॉलर पगाराचे कोच चुकले.

इथल्या स्ट्रेंग्थ कोचच्या संघटनांनी २०१९ मध्ये हेच आता आकड्यात लिहून दिलंय. सुट्टीनंतर परत आल्यावर पळण्याचा-कंडिशनिंगचा भार पहिल्या आठवड्यात ५० टक्के कमी, दुसऱ्यात ३० टक्के कमी, मग २०, मग १०. वेट ट्रेनिंगलाही वेगळी मर्यादा घातलीय. त्याच वर्षी एनसीएएने पण कॉलेजांना सूचना दिल्या की व्यायाम शिक्षा म्हणून वापरू नका, इमर्जन्सीचा लेखी प्लॅन हवा, आणि सुट्टीनंतर भार हळूहळू वाढवा. कागदावर सगळं उत्तम आहे. टफ्ट्स त्यानंतर पाच वर्षांनी घडलं.

का होतं असं, तर मला वाटतं यात दोन गोष्टी आहेत ज्या आपल्या पालकांना बाहेरून कळत नाहीत. एनसीएएच्या नियमाने सीझनमध्ये आठवड्याला २० तास आणि सीझनबाहेर ८ तासच टीमचं सक्तीचं ट्रेनिंग घेता येतं. पण त्यापलीकडे 'व्हॉलंटरी' किंवा 'ऑप्शनल' म्हणून काय वाटेल ते चालतं. माझ्या मुलीच्या टीममध्ये हिवाळी सुट्टीनंतर ग्रुपवर मेसेज आला, सकाळी सहाला ऑप्शनल सेशन. मी म्हटलं ऑप्शनल आहे तर झोप, कालच आलीयस, सर्दी आहे. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी चंद्रावरून आलेय. आई, सगळ्या जाणारेत. कोण आलं कोण नाही याची यादी कुठेही नसते आणि सगळ्यांना पाठ असते. स्कॉलरशिपवरच्या पोराला तर विचारूच नका, आणि त्यातून तो व्हिसावर असेल, घरच्यांनी पुण्यात फ्लॅटवर लोन काढलेलं असेल, तर तो पोरगा हात वर करून सर मला चक्कर येतेय असं म्हणेल? मरेपर्यंत नाही म्हणणार. आणि आपली मुलं तर लहानपणापासून सरांपुढे मान खाली घालायला शिकलेली, आपणच शिकवलेली.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑफ सीझनमध्ये पोरं सगळ्यात जास्त वेळ असतात स्ट्रेंग्थ कोचच्या ताब्यात, आणि त्याला नेमणारा आणि काढणारा बहुतेक ठिकाणी हेड कोच. टीमबरोबर अ‍ॅथलेटिक ट्रेनर असतो (हा जिममधला ट्रेनर नव्हे, दुखापत आणि तब्येत बघणारा शिकलेला माणूस), त्याने थांबा म्हटलं तर थांबलंच पाहिजे असं नियमात आहे. पण सकाळी सहाच्या ऑप्शनलला तो हजर असतो का, आणि असला तरी पस्तिशीतला हा माणूस राज्यात सगळ्यात जास्त पगार घेणाऱ्या कोचला भर ग्राउंडवर थांबवेल का, हा खरा प्रश्न आहे. काही काही राज्यांत खरंच फुटबॉल कोचचा पगार गव्हर्नरपेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

आता सिकल सेल. हे मुद्दाम लिहितेय कारण तुमचा पेपर विदर्भात आणि नंदुरबारकडे पण जातो. २००६ मध्ये टेक्सासच्या राईस युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाचा डेल लॉइड नावाचा मुलगा १०० यार्डांचे १६ स्प्रिंट मारून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो सिकल सेलचा वाहक होता आणि त्याला ते माहीतच नव्हतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, रोजच्या आयुष्यात काही होत नाही, खेळताही येतं, ऑलिम्पिकलाही जाता येतं. पण न थांबता एकामागून एक स्प्रिंट, वर उष्णता, शरीरात पाणी कमी, असं झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्त अडकतं. त्या केसनंतर २०१० पासून एनसीएएने डिव्हिजन वनच्या नवीन खेळाडूंची ही तपासणी सुरू केली. वाहक असला तर खेळू देतात, फक्त स्प्रिंटच्या मध्ये पुरेशी विश्रांती, आणि पाय जड झाले म्हटलं की लगेच थांबवायचं.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, धुळे, या पट्ट्यातून धावणारी पोरं किती येतात आणि तिथे सिकल सेलचं प्रमाण किती आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. सरकारच्या तपासण्या चालू आहेत, २०२३ पासून देशपातळीवर सिकल सेल निर्मूलन मिशन पण आहे, तरी आपल्या कॉलेजच्या मीटला किंवा भरतीच्या अ‍ॅकॅडमीत नाव घालताना हा प्रश्न कोणी विचारतं का? जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटरमध्ये पोरं दगावली तेव्हा उन्हावर, पाण्यावर, व्यवस्थेवर बरंच लिहून आलं, आता धावणं १६०० मीटरवर आलंय तेही बरं झालं. पण भरतीची जाहिरात आली की दोन महिन्यांत तयारी करून घेणाऱ्या अ‍ॅकॅडम्या तशाच आहेत, शेतातून नाहीतर खुर्चीवरून उठलेल्या पोराला पहिल्या सोमवारपासून डांबरी रस्त्यावर पळवतात, उलटी झाली की टाळ्या वाजवतात. उलटी म्हणजे व्यायाम चांगला झाल्याची पावती, हे खूळ आपल्याकडे आणि इथे अगदी सारखं आहे, त्यात काडीचा फरक नाही.

बहिणीच्या मुलीला मी एवढंच सांगितलंय की जा, जरूर जा, पण कोचशी व्हिडिओ कॉल होईल तेव्हा डॉर्म आणि जेवण विचारून झालं की हेही विचार. सुट्टीवरून आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत काय करून घेता. सकाळच्या ऑप्शनल सेशनला अ‍ॅथलेटिक ट्रेनर असतो का. तो कोणाला रिपोर्ट करतो, कोचला की डॉक्टरला. बर्फाच्या टबची सोय कुठे आहे. चांगला कोच असेल तर त्याला हे विचारल्याचा राग येणार नाही, उलट तो मिनिटाभरात सांगेल कारण त्याच्याकडे हे लिहिलेलं असतं. राग आला किंवा हसण्यावारी नेलं तर दुसरी कॉलेजं आहेत. बहीण म्हणते असं विचारलं तर स्कॉलरशिप जाईल. मला तसं वाटत नाही, पण गेली तर गेली असं मी तिला म्हटलं आणि त्यावरून आमचं फोनवर थोडं वाजलं पण.

तुम्हाला विनंती अशी की त्या लेखाचा पुढचा भाग येणार आहे असं खाली छापलं होतं, त्यात वरचे हे चार प्रश्न चौकटीत टाकलेत तर बरं होईल. आणि नागपूर-अमरावतीकडच्या एखाद्या स्पोर्ट्स डॉक्टरकडून सिकल सेलचा वाहक असलेल्या खेळाडूने ट्रेनिंग कसं करावं यावर लिहून घ्या, भरतीचा सीझन सुरू व्हायच्या आधी, नंतर नको.

आपली,
एक वाचक
(मूळ सांगली, सध्या मेरीलँड, अमेरिका)